भिंगातून दिसलेला मोहोर आणि सड्यावरची नोंद

हातखंबा म्हटले की प्रवाशाला तिठा आठवतो. मुंबई-गोवा महामार्ग सोडून रत्नागिरीकडे वळणारा रस्ता इथेच फुटतो. एसटीची वाट बघणारे, चहाच्या टपरीवर टेकलेले, ट्रकची हवा तपासणारे अशी तिथे सदाची गर्दी. पण तिठ्यावरून पाठ फिरवून कोणत्याही पाखाडीने अर्धा तास चालत गेले की दुसरेच हातखंबा लागते. गडग्यांनी बांधलेल्या हापूसच्या बागा, खाली व्हाळाच्या कडेने भाताचे मळे, आणि वर चढून गेले की उघडा कातळ, म्हणजे आपला सडा. निवळी, पाली, नाणीज, झरेवाडी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र.

या मुलखात फिरणे हे माझ्या नोकरीतच येते. गेल्या हंगामापासून या फिरतीत खांद्याला एक कॅमेरा लटकू लागला आहे. आरशाशिवायचा, नव्या पद्धतीचा कॅमेरा आणि त्याला खास जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स. लेन्सच्या किमतीत एक चांगला पॉवर स्प्रे आला असता, असे घरून ऐकवले गेले. ते खरेही आहे. तरीही वर्षभर हातखंबा परिसरात फिरून जे दिसले, त्यातले काही बागायतदार बंधूंच्या आणि ग्रामपंचायतीच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

आधी या लेन्सविषयी थोडे. साध्या लेन्सने फुलाजवळ गेले की एका अंतरानंतर चित्र धूसर होते. मॅक्रो लेन्स किडा जेवढा आहे तेवढाच, एकास एक, आतल्या सेन्सरवर उतरवते. माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे आणि त्यावर आडव्या ओळीत सहा हजार ठिपके आहेत. म्हणजे एक मिलिमीटर लांबीच्या फुलकिड्याला अडीचशे ठिपके मिळतात. ज्याला आपण आजवर ‘बारीक काहीतरी हलतंय’ म्हणत होतो, त्याचे पाय, मिशा आणि पंखांची केसाळ झालरसुद्धा पडद्यावर मोजता येते.

मात्र यात एक अडचण आहे. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत जेमतेम मिलिमीटरभर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. किड्याचे डोके नीट आले तर शेपूट धूसर. मोहोराची काडी वाऱ्याने बोटभर जरी हलली तरी चित्र गेले. म्हणून वेळ महत्त्वाची. आपल्याकडे पहाटे मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. या दोहोंच्या मधे, सकाळी उन्हे वर येतात त्या सुमारास, तास-दीड तास पान हलत नाही. तीच कामाची वेळ. फोकस हाताने ठरवून ठेवावा, आणि मग लेन्स न फिरवता आपणच अंगाने तीळभर पुढेमागे व्हावे. एकाच फुलाचे दहा-बारा फोटो काढले की एखादा हाती लागतो. फ्लॅश वापरायचा तर त्यापुढे दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा लावला की उजेड मऊ पडतो आणि किड्याची पाठ चमकत नाही.

आता मोहोराकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

जानेवारीत निवळीच्या बाजूच्या एका बागेत गेलो होतो. बागायतदार काका सत्तरीचे. औषध कालवून पंप तयार, फक्त गडी यायचा होता. माझा खटाटोप त्यांनी थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, “साहेब, फोटू कसला काढताव? मोहोर तर दरवर्षीच येतो!” मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला.

पहिल्या कलमावरच्या मोहोरात फुलकिडे होते. पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते, जिऱ्याच्या दाण्यासारखे पण त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. फुलाच्या तळाशी पाकळीच्या आडोशाला तीन-चार जण दडलेले. दुसरे कलम वीस पावलांवर होते. मोहोर तेवढाच फुललेला, पण फुलकिडा शोधूनही सापडेना. तिथे होत्या माश्या. हिरव्या-निळ्या चकचकीत मोठ्या माश्या, पोटावर पिवळे पट्टे असलेल्या आणि हवेत एका जागी तरंगणाऱ्या सिरफिड माश्या, शिवाय मोहोळाच्या सातेरी माश्या. एका माशीच्या पायांच्या केसांना परागाचे कण चिकटलेले स्पष्ट दिसत होते. काकांचा प्रश्न सरळ होता. “ही माशी म्हणजे फळमाशी न्हवं?”

हा प्रश्न मला अनेक बागांत विचारला गेला आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मोहोरावर दिसणारी माशी ही फळमाशी नव्हे. फळमाशी येते ती फळ तयार होताना, सालीत अंडी घालायला. तिचे रूपही वेगळे: अंग तपकिरी-काळसर, त्यावर पिवळे डाग, पंख काचेसारखे पारदर्शक आणि त्यांच्या पुढच्या कडेला गडद रेघ. तिच्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या आत येतात. तो वेळेवर लावलाच पाहिजे. २०१४ साली युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आवक बंद केली होती ती मालात फळमाशी सापडल्यामुळे. ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. नखाएवढ्या माशीने केवढा व्यापार थांबवला ते बागायतदार विसरलेले नाहीत. पण त्या धास्तीने मोहोरावरची प्रत्येक माशी मारायला निघालो, तर आपलेच नुकसान आहे.

का, ते फुलाच्या फोटोत दिसते. हापूसच्या एका मोहोरात फुले शेकड्यांनी-हजारांनी असतात, पण त्यातली बहुतेक नरफुले. फळ धरण्याची ताकद फक्त संयुक्त फुलात असते. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. मॅक्रो लेन्सखाली मात्र संयुक्त फुलाच्या मधोमध राईच्या दाण्याएवढा हिरवट-पिवळा गोळा दिसतो, नरफुलात ती जागा रिकामी. शिवाय फुलात कामाचा पुंकेसर बहुधा एकच. परागही आपल्या भाताच्या किंवा मक्याच्या परागासारखा वाऱ्यावर भरभरून उडणारा नाही. तो इकडून तिकडे न्यायला किडामाशीच लागते. आधीच संयुक्त फुले कमी, त्यात ऐन फुलोऱ्यात फवारणी करून माश्या घालवल्या, तर कणी धरणार कशी? मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळा हा सल्ला विद्यापीठ आणि कृषी खाते वर्षानुवर्षे देत आले आहे. तो छापील कागदावर वाचून जेवढा पटत नाही, तेवढा माशीच्या पायावरचा पराग बघून पटतो, असा माझा अनुभव आहे.

काकांनी त्या दिवशी पंप ठेवून दिला असे मी म्हणणार नाही. फुलकिड्यांच्या कलमाचे काय करायचे हा प्रश्न होताच. गेल्या काही हंगामांत या किडीने आपल्या भागातल्या बागायतदारांना रडवले आहे. कोवळी फळे ती खरवडते आणि साल चिकूसारखी खडबडीत होते, मग पेटीत त्या फळाला भाव नाही. त्या दिवशी एवढे झाले की बाग सरसकट न मारता कलमागणिक बघायचे ठरले. काळी पाटी मोहोराखाली धरून मोहोर हलकेच झटकायचा, पडलेले पिवळे फुलकिडे मोजायचे. काळसर पूर्ण वाढलेले दिसावेत म्हणून तेच पांढऱ्या कागदावर करायचे. जिथे खरोखर कीड आहे तिथेच, मोहोराची अवस्था बघून, विद्यापीठाच्या वेळापत्रकातले औषध सांगितलेल्या मात्रेत. आणि दर वेळी त्याच गटातले औषध नको. एकाच औषधाला सरावलेली कीड पुढच्या फवारणीला दाद देत नाही, हे तर सगळ्यांनी भोगलेले आहे.

‘मोहोर काळा पडला’ ही दुसरी नेहमीची तक्रार. फोनवर एवढेच वाक्य ऐकून औषध सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे. काळे पडण्याची कारणे वेगवेगळी असतात. तुडतुड्यांनी टाकलेल्या चिकट गोडसर पाण्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. ओले बोट फिरवले की ती पुसली जाते. करप्याचे काळे ठिपके पुसले जात नाहीत, ते देठात उतरलेले असतात. भुरी आधी पांढरी पिठासारखी दिसते, मग मोहोर सुकून काळपट पडतो. जवळून घेतलेल्या फोटोत हे तिन्ही प्रकार वेगळे ओळखू येतात. तुडतुडा तर त्याच्या पाचरीसारख्या आकारामुळे आणि तिरक्या चालीमुळे लपतच नाही.

आता कोणी म्हणेल, आम्ही एवढा महाग कॅमेरा कुठून आणू? आणायची गरज नाही. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग मोबाईलच्या लेन्सवर टेकवले की तुडतुडे, भुरी, करपा सहज ओळखू येतात. फुलकिड्याच्या पंखांची झालर दिसणार नाही, पण फुलकिडा आहे की नाही एवढे कळते. मोबाईलने काढा की कॅमेऱ्याने, फोटो उपयोगी पडायचा तर तो काढायची रीत पाहिजे. ग्रुपवर येणारे निम्मे फोटो बघून काही सांगता येत नाही. नुसते पान, तेही हलवलेले. कुठले, कधीचे, केवढे, काही पत्ता नाही.

माझी रीत तीन फोटोंची आहे. पहिला लांबून, पूर्ण कलम किंवा पूर्ण वाफा दिसेल असा, मागे गडगा, विहीर, घर अशी काहीतरी खूण येईल असा. दुसरा फांदीचा किंवा मोहोराचा, पानाची वरची आणि खालची बाजू दाखवून. तिसरा अगदी जवळून, शेजारी माप ठेवून. माप म्हणून लोक रुपया ठेवतात. पण रुपयाचे नाणेच आज तीन आकारांचे चलनात आहे: जुने २५ मिलिमीटरचे, २०११ नंतरचे सुमारे २२ चे आणि २०१९ नंतरचे २० चे. म्हणून शाळेतली पट्टी बरी. त्याआधी एका कागदावर गावाचे नाव, गट नंबर आणि तारीख लिहून त्या कागदाचाच एक फोटो काढावा. कॅमेऱ्याला जागा कळत नाही, आणि मोबाईलमध्ये नोंदलेली जागा व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की गळून पडते, शिवाय चित्र दाबले जाऊन बारीकसारीक तपशील जातो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीने शेतकऱ्याच्या हातात मोबाईल देऊन पिकाचा फोटो बांधावरून काढायची सवय लावली आहेच. तीच सवय किडीच्या आणि नुकसानीच्या नोंदीला लावायची, एवढेच.

भाताच्या मळ्यात कॅमेऱ्याचे काम तुलनेने सोपे निघाले. श्रावण-भाद्रपदात पान उन्हाकडे धरून मागून उजेड येऊ द्यावा आणि फोटो काढावा. निळ्या भुंगेऱ्याने खरवडलेल्या शिरांलगतच्या पांढऱ्या रेषा काचेसारख्या आरपार दिसतात. करप्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी आणि कडेने तपकिरी. दोन्हींत गल्लत होऊन बुरशीवर कीटकनाशक मारलेले मी पाहिले आहे. खोडकिड्याचा अंडीपुंज पानाच्या टोकाकडे केसाळ बुचक्यासारखा असतो. एका पुंजावर मुंगीहूनही लहान काळी गांधीलमाशी बसलेली मिळाली. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. असला मित्र मळ्यात फुकट राबतो आहे हे आपल्या गावीही नसते.

पावसाळ्यातच कॅमेऱ्याला सर्वात जास्त जपावे लागते. दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, अगदी भुरीसारखी जाळीदार. एकदा काचेला लागली की औषध नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. रंग बदलणारे जेल असेल तर ओलावा शोषल्यावर ते कळते, मग मंद आचेवर तवा ठेवून परत सुकवता येते. चामड्याच्या पिशवीत, कपाटात बंद करून तर मुळीच ठेवू नये. अशा ठिकाणीच बुरशीचे फावते.

राहिला सडा. सातबारावर या जमिनीपुढे बहुधा ‘पोटखराबा’ असे लिहिलेले असते. पीक येत नाही, म्हणून खराब. उन्हाळ्यात वर गेले तर ते पटतेही. काळा तापलेला कातळ, वाळलेले गवत, आणि उघड्यावर चार अंडी घालून ओरडत फिरणारी टिटवी. तिच्या अंड्यांचा फोटो लांबूनच घ्यावा. आपण जवळ बसून राहिलो तर ती अंड्यांवर येत नाही आणि उन्हाने अंडी भाजतात.

पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाच सडा बघावा. बोटभर मातीत तेरडा, गेंदाचे पांढरे गोंडे, कावल्याची पिवळी फुले आणि निळी-जांभळी सीतेची आसवं यांचे गालिचे पडतात. हे गालिचे सर्वांनी पाहिलेले असतात. गुडघे टेकून मॅक्रो लेन्स लावली की वेगळेच काही दिसते. सीतेच्या आसवांच्या मुळाशी, ओल्या मातीत, खसखशीएवढ्या बारीक पिशव्या असतात. त्यात पाण्यातले सूक्ष्म किडे अडकतात आणि वनस्पती ते पचवते. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती. तिच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, त्यावर बसलेला चिलटासारखा किडा सुटत नाही. कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून या वनस्पतींनी किडे खाऊन नत्र मिळवायची सोय केली आहे. युरियाच्या गोणीवाचून चाललेली ही शेतीच म्हणायची.

याचा गावाला उपयोग काय, असे एका सरपंचांनी मला विचारले. प्रश्न रास्त होता. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. राज्याचे नियम २००८ साली झाले. जानेवारी २०२० अखेर नोंदवह्या पूर्ण करा असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता. त्या मुदतीत जिथे काम घाईत उरकले, तिथे आंबा, काजू, फणस, वड, पिंपळ एवढीच यादी भरलेली असते, आणि सड्याच्या नावाने काही नाही. मग उद्या त्या कातळावर चिऱ्याची खाण मागितली गेली किंवा सुरुंग लावून माती भरून सपाटी करायची ठरली, तर ‘तिथे काहीच नव्हते’ असे म्हणायला कागद मोकळा असतो. मी चिऱ्याच्या किंवा बागेच्या विरोधात नाही. आपल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्याच आणि कित्येक बागा कातळ फोडूनच उभ्या राहिल्या. पण कुठला कातळ फोडायचा आणि कुठला ठेवायचा हे ठरवताना तिथे काय आहे याची तारीखवार नोंद ग्रामसभेपुढे असावी की नको? सड्यात मुरलेले पाणीच खालच्या झऱ्याला आणि व्हाळाला येते, हेही त्या चर्चेत धरावे.

नोंदीने काय होते याचे उदाहरण जवळच आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे सडे पायी तुडवत राहिले, एकेक कातळशिल्प साफ करून त्याचे माप आणि चित्र घेत राहिले. गुराख्यांना ती चित्रे माहीत होती, पण कागदावर नव्हती. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे गेली. त्यातली सात आपल्या जिल्ह्यातली, आणि हत्तीचे शिल्प असलेले उक्षी तर आपल्याच तालुक्यातले. तोही कातळच. तिथे फोटो काढायचा तर दुपारी जाऊ नये. उथळ कोरीव रेषा डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, उजेड आडवा आला की रेषेच्या कडेला सावली पडते आणि चित्र उठून दिसते. पाणी, खडू, चुना काही लावू नये.

फुलांची नोंद याच रीतीने शाळेची मुलेही करू शकतील. तेच तीन फोटो, तीच पट्टी, तोच गट नंबर लिहिलेला कागद. स्थानिक नाव गावातल्या जाणत्या बाईला विचारून लिहावे, शास्त्रीय नाव नंतर महाविद्यालयातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक सांगतील. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी जावे, कारण सड्यावर जूनमध्ये उमलणारे फूल ऑगस्टमध्ये सापडत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पाऊस पडण्याआधी कपाटातली जैवविविधता नोंदवही बाहेर काढून सड्याचे पान भरलेले आहे का ते एकदा बघावे. ते कोरे असेल, तर पहिल्या पावसानंतर आठवडाभरात शाळा, समिती आणि कृषी खात्याचा माणूस अशी मिळून एक फेरी ठरवता येईल. हातखंबा परिसरात त्या फेरीला कॅमेरा घेऊन यायला मी तयार आहे.